मेथीच्या पाण्यातली चांदी

ऑक्टोबरातला तो गुरुवार अगदी नेहमीसारखा होता. सकाळी त्र्यंबकरावांनी मला सिंकपाशी नेले आणि तीन पाण्यांनी धुतले. दोनदा नळाच्या पाण्याने, तिसऱ्यांदा दुकानातून आणलेल्या डिस्टिल्ड पाण्याने. मग स्वयंपाकघराच्या खिडकीत, कागदी टॉवेलच्या घडीवर मला उपडे ठेवले. बाहेर अमेरिकेतल्या बॉथेल गावाचे राखाडी आकाश होते. संध्याकाळी त्यांची मुलगी नीलांबरी कामावरून आली, बॅग खुर्चीवर टाकून तिने ग्लासात पाणी ओतले. त्र्यंबकराव टेबलाशी बसून गवार मोडत होते.

"काय म्हणते तुझी मेथी?" त्यांनी विचारले. "रंग येऊन राहिला का?"

"येतोय, बाबा," ती म्हणाली आणि थांबली.

पुढचे एक वाक्य तिच्या तोंडाशी आले होते. मला ते ठाऊक होते, कारण ज्या गोष्टीचे ते वाक्य होते ती माझ्याच पोटात घडली होती. तेवढ्यात वरच्या खोलीतून छोट्या अदितीने आईला हाक मारली. तिला चिकटपट्टी सापडत नव्हती. नीलांबरी ग्लास तसाच ठेवून जिना चढून गेली.

मित्रांनो, त्या घरातला तो शेवटचा साधा दिवस होता. ते वाक्य कोणते, हे कळण्यासाठी आधी माझी ओळख करून घ्या.

मी काचेचा एक जुना चंबू. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात मला शंकुपात्र म्हणतात. बूड रुंद, मान अरुंद. एका कारखान्यात, भट्टीच्या तोंडाशी, तापलेल्या मऊ काचेला आकार देऊन मला घडवले. पोटावर पांढऱ्या रेघांनी माप आखले आणि बाजूला एक पांढरा चौकोन ठेवला, पेन्सिलीने काही लिहायचे असेल तर लिहिण्यासाठी. २००१ साली एका खोक्यातून आम्ही बारा भावंडे बॉथेलमधल्या एका औषध-संशोधनाच्या कंपनीत पोहोचलो. तिथे उकळते पाणी सोसले, बर्फ सोसला, आम्लेही सोसली. रोज संध्याकाळी आम्हाला भांडी धुण्याच्या यंत्रात रांगेने उभे करत. काम चोख व्हायचे, पण बारांतला मी कोणता, हे कोणालाच ठाऊक नव्हते. हाताला लागेल तो चंबू उचलायचा, अशी तिथली रीत.

दोन वर्षांनी एका नळाला आपटून माझ्या काठाचा टवका उडाला. टवका उडालेले भांडे प्रयोगशाळेत चालत नाही, आणि ते बरोबरच आहे. फुटक्या काचेच्या डब्यात जाण्याआधी नीलांबरीने मला उचलले. ती तिथे संशोधक होती. तिने मला घरी आणून माझ्यात पिवळी फुले ठेवली. फुले आठवडाभर टिकली. त्यानंतर मी फ्रिजच्या वरच्या कपाटात गेलो, पाव भाजायचे बंद पडलेले यंत्र आणि लग्नात आलेला एक डिनर सेट यांच्या शेजारी. तिथून काहीच दिसत नसे. माणसांचे आवाज तेवढे यायचे, तेही सकाळी तासभर आणि संध्याकाळी. मधला सगळा दिवस फ्रिजची घरघर.

२००४ मध्ये नागपूरला नीलांबरीची आई, शैलाताई, वारल्या. त्यानंतर त्र्यंबकराव आपले चंबूगबाळे आवरून लेकीकडे राहायला आले. त्या चंबूगबाळ्यात चंबू मात्र एकही नव्हता. तिसऱ्या दिवशी चहाची गाळणी शोधताना त्यांनी ते कपाट उघडले.

"अरे," ते म्हणाले, "तू इथे काय करून राहिला?"

माझ्याशी बोललेला तो पहिला माणूस. त्यांनी मला उजेडात धरले, अंगठा हलकेच टवक्यावरून फिरवला आणि मला धुवायला घेतले. मित्रांनो, तोवर मी शेकडो वेळा धुतला गेलो होतो. पण कोणी धुताना मला बघते आहे, हे त्या दिवशी पहिल्यांदा जाणवले. धुऊन झाल्यावर पाणी काचेवरून सरळ, सलग उतरते का, कुठे थेंब अडकतो का, हे ते मान वाकडी करून पाहत होते. थेंब अडकला, की भांडे अजून मळके.

ते नागपूरच्या एका कॉलेजात चौतीस वर्षे प्रयोगशाळेत परिचर होते. सकाळी बाटल्या भरायच्या, परीक्षानळ्या मांडायच्या, आणि मुले गेली की सगळे धुऊन ठेवायचे. मुले त्यांना 'मामा' म्हणत. शिक्षण मॅट्रिकपर्यंत. बाकीचे सगळे त्यांनी धुता धुता शिकून घेतले होते.

बॉथेलमध्ये मात्र सगळे त्यांना 'सर' म्हणत. नीलांबरीने मराठी मंडळात ओळख करून देताना सांगितले होते, "बाबा कॉलेजात केमिस्ट्रीला होते." वाक्य खोटे नव्हते. लोकांनी त्याचा हवा तो अर्थ घेतला, आणि तिने तो घेऊ दिला. एकदा जेवायला आलेल्या एका गृहस्थांनी विचारले, ऑर्गॅनिकला होतात की इनऑर्गॅनिकला? त्र्यंबकराव म्हणाले, "दोन्हीकडची भांडी ओळखीची आहेत." सगळे खूप हसले. नीलांबरी वाढायला उठली.

सकाळी आठला घर रिकामे व्हायचे. नीलांबरी आणि तिचा नवरा निमिष ऑफिसला, अदिती शाळेत. त्र्यंबकराव गाडी चालवत नसत. ते नदीकाठच्या वाटेवर फिरून यायचे, मग खिडकीत उभे राहायचे. मी त्या खिडकीतच होतो. आम्ही दोघे मिळून समोरची रिकामी पार्किंगची जागा पाहायचो.

मग एका संध्याकाळी जेवताना नीलांबरी आपल्या कामाबद्दल बोलली. चांदीचे अतिशय बारीक कण करायचे, इतके बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसू नयेत. असे कण पट्टीत घातले, की भाजलेल्या जखमेत जंतू वाढत नाहीत. हे कण करायला एरवी जहाल रसायने लागतात. त्याऐवजी झाडाच्या पानांचा अर्क वापरता येतो, आणि तिने त्यासाठी मेथी सुचवली होती. त्र्यंबकरावांचा घास हातातच राहिला. सिल्व्हर नायट्रेटच्या बाटल्या त्यांनी आयुष्यभर भरल्या होत्या. पानांनी त्याची चांदी होते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी निमिषला फोटोग्राफीच्या सामानाच्या दुकानात न्यायला सांगितले. तिथे सिल्व्हर नायट्रेटची, म्हणजे चांदीच्या क्षाराची, छोटी बाटली मिळाली. निमिष म्हणाला, "बाबा, घर तेवढं उडवू नका. कार्पेट नवीन आहे."

माझा कामाचा खरा काळ तो. त्र्यंबकराव मेथीची पाने डिस्टिल्ड पाण्यात धुवायचे, उकळायचे, गाळून ते पाणी माझ्यात घ्यायचे. थंड झाल्यावर त्यात चांदीच्या क्षाराचे पाणी सोडायचे. मग ते खुर्ची ओढून समोर बसायचे. आधी काहीच व्हायचे नाही. हळूहळू फिकट पिवळा रंग यायचा, मग मधाचा, मग कोऱ्या चहाचा. चांदी म्हणजे पांढरी आणि चकचकीत, असे तुम्हाला वाटत असेल. खूप बारीक झाली, की ती चहासारखी दिसते. पण आरपार दिसले पाहिजे, गढूळ नको. त्र्यंबकराव माझ्यामागे वर्तमानपत्र धरून अक्षरे वाचता येतात का ते बघायचे. यायची. मग पांढऱ्या चौकोनात मराठी आकड्यांत तारीख लिहायचे.

त्यांच्या बोटांची टोके काळी पडली. सिल्व्हर नायट्रेट कातडीला लागले की तसे होते, आणि कातडी बदलेपर्यंत डाग जात नाही. अदिती म्हणाली, "आजोबा, युवर फिंगर्स आर सो डर्टी." ते म्हणाले, "डर्टी नाही गं, चांदीची शाई आहे." त्या वर्षी गणपतीच्या आरतीला ताम्हन त्यांच्या हाती आले, तेव्हा मंडळातल्या लोकांसमोर नीलांबरीने ते हलकेच काढून निमिषकडे दिले. हे मी पाहिलेले नाही. त्र्यंबकरावांनी दुसऱ्या दिवशी मला धुताना सांगितले. तक्रार केली नाही, नुसते सांगितले. नंतर त्यांनी हातमोजे आणले.

इकडे नीलांबरीची मेथी तिला दगा देत होती. कंपनीत एका आठवड्यात रंग स्वच्छ यायचा, पुढच्या आठवड्यात सगळे दुधाळ व्हायचे. तिने प्रयोगशाळेचे पाणी तपासले, चंबू तपासले, बाटल्या बदलल्या. कुठेच दोष सापडेना. तिच्या गटाचा प्रमुख राजेश माणूस चांगला होता, पण त्यालाही वर उत्तर द्यायचे होते. सप्टेंबर २००६ मध्ये ठरले, की महिनाअखेरपर्यंत जमले नाही तर मेथी बंद. तिचे तीन वर्षांचे काम होते ते.

एका शनिवारी राजेश जेवायला आला. जेवण झाल्यावर तो आणि नीलांबरी टेबलावर तिची प्रयोगवही उघडून बसले. त्र्यंबकराव ताटे उचलता उचलता थांबले. त्यांना इंग्रजी सावकाश वाचावे लागायचे. त्यांनी एका शब्दावर बोट ठेवले.

"नीलू, इथे लिहिलंय, पानं धुतली. धुतली म्हणजे कशात धुतली?"

राजेशने वर पाहिले. "काय म्हणताय, सर?"

"नाही, नुसतं धुतली लिहिलंय. धुणं म्हणजे काही एकच गोष्ट नसते. आमच्याकडे..."

"बाबा," नीलांबरी म्हणाली, "भांडी धुण्यातलं तुम्हाला कळतं. हे मला करू दे."

आवाज चढलेला नव्हता. 'आमच्याकडे' या शब्दापुढे काय येईल, त्याची तिला भीती वाटली होती, हे मला आता कळते. राजेशला ती बापलेकीची थट्टा वाटली. "सर, डॉटर्स ना, सगळीकडे सेम," असे म्हणून तो हसला. त्र्यंबकरावही हसले. त्यांनी ताटे उचलली आणि सिंकपाशी जाऊन नळ मोठा सोडला.

मित्रांनो, त्यांना काय विचारायचे होते, ते मी सांगतो. दर रविवारी नीलांबरी प्रयोगासाठी भारतीय दुकानातून मेथीच्या जुड्या आणायची. पाने खुडून स्टीलच्या पातेल्यात पाणी घ्यायची, त्यात मूठभर मीठ टाकायची आणि पाने बुडवून ठेवायची. मिठाच्या पाण्यात किडे आणि माती सुटते. शैलाताई तसेच करायच्या, त्यांच्या आईही तसेच करायच्या. नीलांबरीच्या लेखी तो प्रयोगाचा भाग नव्हताच. ते भाजी धुणे होते, आणि भाजी अशीच धुतात. म्हणून वहीत एकच शब्द होता. पाने नंतर नीट खळबळली, तर मीठ निघून जायचे. घाई असली, तर राहायचे. आणि चांदीच्या क्षाराला मीठ भेटले, की दह्यासारखा पांढरा साका होतो. कॉलेजच्या पहिल्या वर्षातली मुले हे शिकतात. त्र्यंबकरावांनी तो साका चौतीस वर्षे परीक्षानळ्यांतून घासून काढला होता.

दुसऱ्या दिवशी रविवार. त्र्यंबकराव फिरायला गेले होते. नीलांबरीने पातेल्यात पाणी घेतले, मिठाच्या बरणीत हात घातला, आणि तो हात तसाच राहिला. बराच वेळ ती बरणीकडे बघत होती. मग तिने मूठ उघडली. अर्धी पाने नेहमीसारखी मिठात टाकली. उरलेली अर्धी वडिलांच्या कॅनमधल्या डिस्टिल्ड पाण्याने धुतली. सोमवारी सकाळी मला टॉवेलात गुंडाळून तिने बॅगेत ठेवले. कदाचित सगळी करामत या चंबूची असेल, असेही तिला वाटले असावे. वडील बरोबर आहेत यापेक्षा चंबू बरोबर आहे, हे मानणे सोपे होते.

म्हणून तीन वर्षांनी मी पुन्हा त्या प्रयोगशाळेत गेलो. माझी भावंडे फळीवर होती, पण त्यांनी मला ओळखले नाही, मीही त्यांना ओळखले नाही. तिने चार चंबू मांडले. मी आणि एक कंपनीचा, स्वच्छ धुतलेल्या पानांसाठी. दोन मिठातल्या पानांसाठी. तासाभरात ते दोघे पांढरट, दुधाळ झाले. माझ्यात आणि माझ्या शेजाऱ्यात कोरा चहा होता. आरपार स्वच्छ.

राजेश आला. "अगं, जमलं की! काय केलंस?"

"वॉश बदलला."

"ग्रेट यार. कसं सुचलं?"

ती माझ्याकडे बघत होती. "असंच," ती म्हणाली. "ट्राय केलं."

मी बोलू शकत असतो तर, मित्रांनो, तेव्हा बोललो असतो.

संध्याकाळी तिने मला गुपचूप खिडकीत पूर्वीसारखे उपडे ठेवले. दुसऱ्या सकाळी त्र्यंबकरावांनी मला उचलले आणि उजेडात धरले. माझ्या बुडाशी एक फिकट तपकिरी वलय होते. ते त्यांच्या हातचे नव्हते. त्यांच्या हातून असे वलय कधी राहत नसे. त्यांनी ते बघितले, पुन्हा बघितले, आणि त्यांच्या तोंडावर हळूहळू समाधान पसरले. वलय पांढरे नव्हते, म्हणजे मेथी वाचली होती. त्यांनी मला तीन पाण्यांनी धुतले आणि कोणाला काही म्हणाले नाहीत.

त्यानंतर रोज संध्याकाळी ते विचारायचे, "काय म्हणते मेथी?" हे विचारणे नव्हते. ते दार उघडून ठेवणे होते. ती 'ठीक आहे' म्हणायची, 'बघू' म्हणायची. असे दहा दिवस गेले. तिला सांगायचे होते. आज नको, रविवारी निवांत बोलू, असे तिच्या मनात असावे. पहिल्या दिवशी न सांगितलेले दुसऱ्या दिवशी सांगायला अधिक जड जाते, एवढे मला कळले आहे. मग तो गुरुवार आला. त्याबद्दल मी सुरुवातीलाच सांगितले.

शुक्रवारी सकाळी त्र्यंबकराव बूट घालून नदीकाठी फिरायला गेले. परत आले नाहीत. वाटेत बाकावर बसले आणि तिथेच गेले. कुत्रा घेऊन निघालेल्या एका बाईंनी फोन केला. दुपारी निमिष आधी आला, मग नीलांबरी. तिने दारात विचारले, "पण ते सकाळी बरे होते ना?" निमिष म्हणाला, हो, बरे होते. तिने तेच पुन्हा विचारले.

घर माणसांनी भरले आणि रिकामे झाले. मंडळातल्या लोकांनी डबे आणले, सरांबद्दल आदराने बोलले. कोणी म्हणाले, किती विद्यार्थी घडवले असतील. नीलांबरी मान हलवत राहिली. कंपनीत तिचे कौतुक झाले. त्या कौतुकाचा कागद फ्रिजवर चुंबकाने लावला होता, निमिषने. आठवडाभराने तिने तो काढून टाकला.

मी खिडकीतच होतो, उपडा. रोज सकाळी मला सरळ करणारा हात आता नव्हता. उपड्या चंबूत घरातली हवा राहते, तीच ती. एकोणीस महिने ती माझ्यात होती. नीलांबरी भांडी घासायची, ओटा पुसायची, माझ्याभोवतीची धूळ पुसायची, पण मला हात लावत नव्हती. मेथीही त्या घरात आली नाही. अदितीने एकदा विचारले, "कॅन आय पुट फ्लॉवर्स इन इट?" नीलांबरी 'नको' म्हणाली, इतक्या पटकन की मूल दचकले.

मित्रांनो, काचेच्या भांड्यांबद्दल एक विनंती करून ठेवतो. वापरलेले भांडे लगेच धुवा. 'नंतर धुऊ' म्हणून ठेवले, की आतले वाळते, आणि वाळलेले निघत नाही. आणि ज्याने ते धुऊन तुमच्या हाती दिले, त्याचे नाव विचारा. आम्ही सांगू शकत नाही.

मे २००८ मधली गोष्ट. बॉथेलला रविवारी मराठी शाळा भरते, वाचनालयातल्या एका खोलीत. पालकांनी आळीपाळीने मुलांना काहीतरी शिकवायचे असते. नीलांबरीची पाळी आली. शनिवारी दुपारी तिने मला उचलले. तिने मला धुतले, पाणी काचेवरून कसे उतरते ते मान वाकडी करून पाहिले, आणि पुन्हा धुतले.

खोलीत पंधराएक मुले होती, आणि मागे खुर्च्यांवर आईवडील. राजेशही होता, त्याचा मुलगा या शाळेत यायचा. नीलांबरीने हातमोजे चढवले, मुलांना दोन पावले मागे उभे केले. मेथीचे पाणी माझ्यात ओतले, त्यात चांदीच्या क्षाराचे पाणी सोडले. मुले लगेच कंटाळली. "नथिंग्ज हॅपनिंग, मावशी," एक जण म्हणाला. थांबा, ती म्हणाली. तोवर तिने त्यांना भाजलेल्या जखमांच्या पट्ट्यांबद्दल सांगितले. अर्ध्या तासाने सगळ्यांत पुढे बसलेली चैत्राली ओरडली, "इट्स टर्निंग टी!" मग सगळे टेबलाभोवती जमले. मी पिवळा होत होतो. इतक्या लोकांनी मला एकाच वेळी कधी पाहिले नव्हते.

"आणि मुलांनो, माहितीये का," राजेश मागून कौतुकाने म्हणाला, "आमचं हे सगळं बंद पडणार होतं. रंगच येत नव्हता, नुसतं दूध व्हायचं. का ते कोणालाच कळेना. नीलांबरी मावशीनं शोधून काढलं."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. मागे बसलेल्या पालकांनीही.

नीलांबरीने मला टेबलावर ठेवले. हातमोजे काढले, एकावर एक नीट ठेवले. टाळ्या थांबेपर्यंत ती थांबली.

"मी नाही, राजेश," ती म्हणाली. "माझ्या बाबांनी. ते प्रोफेसर नव्हते. नागपूरला कॉलेजच्या लॅबमध्ये भांडी धुवायचे, चौतीस वर्षं. मी पानं मिठाच्या पाण्यात धुवत होते आणि ते फक्त त्यांना दिसलं. तुझ्यासमोर त्यांनी मला विचारलं होतं. मी त्यांना गप्प केलं. नंतर त्यांचं बरोबर निघालं, तेही मी त्यांना सांगितलं नाही."